सीआरएमचा आकडा आणि हिशेबाचा आकडा

प्रश्न असा आला आहे: विक्री विभागात ९ माणसं, ग्राहक अंदाजे २,०००, आणि सगळी माहिती ज्याच्या त्याच्या एक्सेलमध्ये. ३ वर्षांपूर्वी एक सीआरएम (ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं होतं, ते सहा महिन्यांत बंद पडलं. आता पुन्हा घ्यायचं ठरतंय आणि मालकांची अट आहे की ग्राहकांचं रोजचं काम आणि कंपनीच्या कामगिरीचा डॅशबोर्ड (मुख्य आकडे एका पानावर), दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून मिळालं पाहिजे. असं होतं का, आणि होत असेल तर कोणतं घ्यावं?

होतं. डेमोमध्ये तर फारच छान होतं, कारण डेमोतले ग्राहक डेमोसाठीच जन्माला घातलेले असतात आणि त्यांची बिलं कधी थकत नाहीत. कोणतं घ्यावं हे शेवटी सांगतो. तुमच्या प्रश्नातला तो सगळ्यात सोपा भाग आहे.

मी सुरुवातीची काही वर्षं अशी सॉफ्टवेअरं विकली आणि नंतरची बरीच वर्षं ती विकत घेतलेल्यांकडे बसवून दिली. दोन्हीकडे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार एकच: "सीआरएमचा आकडा आणि अकाउंट्सचा आकडा जुळत नाही." तुमचं मागचं सॉफ्टवेअर कशामुळे बंद पडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण या वाक्यावर वाजलेली एक मीटिंग त्या सहा महिन्यांत झाली असणार असं मला वाटतं.

गंमत अशी की बहुतेक वेळा कुणाचीच चूक नसते. सीआरएममध्ये असतो तो सेल्समनचा आजचा अंदाज: ही डील एवढ्याची, अमुक स्टेजला आहे, मार्चअखेर होईल. मार्च उलटला की तो तारीख बदलून मे करतो. 'मार्च' पुसला गेला. हिशेबात असं चालत नाही. इन्व्हॉइस चुकलं तर ते खोडत नाहीत, त्याच्यासमोर क्रेडिट नोट (ती रक्कम वजा करणारा कागद) काढतात आणि दोन्ही कागद कायम राहतात. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोलीने १४९४ मध्ये छापून जगापुढे ठेवली, म्हणजे त्या शिस्तीला पाचशे वर्षांहून जास्त काळ झाला. सीआरएमला अशी शिस्त कुणी लावलीच नाही. ती मुळात सेल्समनची डायरी आहे, आणि डायरीत खाडाखोड व्हायचीच.

हे दोन वेगळे वंश आहेत हे इतिहासातही दिसतं. १९८७ च्या सुमाराला 'अ‍ॅक्ट' नावाचा प्रोग्राम आला, तो सरळसरळ फोन नंबर आणि भेटींची डायरी होता. १९९३ मध्ये सीबेल सुरू झाली, तिने मोठ्या कंपन्यांच्या विक्री विभागांना हे विकलं. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने तेच ब्राउझरमधून भाड्याने द्यायला सुरुवात केली. कामगिरीच्या आकड्यांची वाट दुसरीकडून आली. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्येच 'बिझनेस इंटेलिजन्स' या नावाने लेख लिहिला होता. १९९२ मध्ये कॅप्लन आणि नॉर्टन यांनी बॅलन्स्ड स्कोअरकार्ड (कामगिरी पैशांबरोबर इतर बाजूंनीही मोजायची पद्धत) मांडलं. १९९३ मध्ये रिलेशनल डेटाबेसचे जनक टेड कॉड यांनी 'ओलॅप' (आकड्यांचं अनेक बाजूंनी विश्लेषण) हा शब्द दिला. तुमच्या मालकांच्या अटीवर यातली एक गोष्ट पुरेशी बोलकी आहे: सीआरएम विकणाऱ्यांत सगळ्यात मोठ्या सेल्सफोर्सने २०१९ मध्ये १५.७ अब्ज डॉलरला टॅब्लो हे रिपोर्ट आणि आलेखांचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. स्वतःच्या सीआरएममध्ये रिपोर्टची सोय असताना. 'एकात दोन' हे ज्यांच्या दुकानात मिळतं त्यांनाही ते दोनातून जोडूनच घ्यावं लागलं.

म्हणून मी प्रश्न असा धरतो: डायरी आणि हिशेबाची वही यांचा सांधा कुठे आणि कसा घालायचा? तो घातला असेल तर साधं सॉफ्टवेअरही पुरतं. नसेल तर महागड्यात महागडा डॅशबोर्ड रंगीत भांडणं लावून देतो.

आधी 'विक्री' या शब्दाचा निकाल लावा. समजा एका ग्राहकाने वर्षभराच्या देखभालीचा करार केला, रक्कम १२०, बिल दर तिमाहीच्या सुरुवातीला. पहिल्या महिन्याच्या शेवटी काय दिसेल? सीआरएममध्ये डील जिंकली, विक्री १२०. बिलिंगमध्ये ३०. हिशेबाच्या दृष्टीने उत्पन्न १०, कारण सेवा एकाच महिन्याची दिली आहे. २०१८ पासून लागू झालेलं आयएफआरएस १५ हे हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानकही सेवा जसजशी दिली जाईल तसतसं उत्पन्न धरायला सांगतं. आणि बँकेत? शून्य, ग्राहकाने अजून पैसे दिलेले नाहीत. १२०, ३०, १०, ०. चारही आकडे खरे आहेत आणि चारही 'या महिन्याची विक्री' म्हणून मीटिंगमध्ये येऊ शकतात. मालक म्हणणार, सॉफ्टवेअर चुकतंय.

यावर तंत्रज्ञानाचा उपाय नाही. विक्रीप्रमुख, अकाउंट्सप्रमुख आणि मालक एका टेबलाशी बसून चार वेगळी नावं ठरवतात (ऑर्डर, बिल, उत्पन्न, वसुली) आणि नुसता 'विक्री' हा शब्द डॅशबोर्डवर लिहायचा नाही असं ठरवतात, एवढंच. एक दुपार पुरते. ही दुपार टाळून पुढे गेलेली कंपनी तीच चर्चा पुढची दोन वर्षं दर महिन्याला करताना मी पाहिली आहे. 'ग्राहक' शब्दाचंही असंच करा. सेल्सवाल्यांच्या लेखी ज्याने होकार दिला तो ग्राहक, अकाउंट्सच्या लेखी ज्याचं खातं उघडलं तो, आणि सर्व्हिसवाल्यांच्या लेखी जिथे मशीन बसलंय ती प्रत्येक जागा. तुमचे २,००० यातले नेमके कोणते, हे आज तुमच्याकडे कुणालाच सांगता येणार नाही. पैज लावायला तयार आहे.

आता प्रत्यक्ष सांधा. तो एका फील्डचा (नोंदीतल्या एका रकान्याचा) असतो: अकाउंट्समधला ग्राहकाचा खाते क्रमांक सीआरएममधल्या त्याच ग्राहकाच्या नोंदीवर लिहिलेला हवा. नावावरून जुळवाजुळव करायची नाही. नावं जुळत नाहीत. एकाने 'प्रायव्हेट लिमिटेड' पूर्ण लिहिलेलं असतं, दुसऱ्याने संक्षेपात, तिसऱ्याने मालकाचंच नाव टाकलेलं असतं. आपली आडनावं रोमन लिपीत लिहिताना तर एकेकाची चार-पाच रूपं होतात. उच्चारावरून नावं जुळवायची साउंडेक्स ही युक्ती १९१८ सालच्या पेटंटइतकी जुनी आहे, ती 'रॉबर्ट' आणि 'रूपर्ट' दोघांनाही आर१६३ हाच कोड देते. इंग्रजी आडनावांसाठी केलेली ती पद्धत आपल्याकडे आणखीनच गोंधळ घालते. १९६५ च्या लेव्हेनश्टाइनच्या पद्धतीने दोन नावांत किती अक्षरांचा फरक आहे ते मोजता येतं, बरीच सॉफ्टवेअरं आतून तसलंच काही वापरतात. पण यंत्र फक्त संशय दाखवतं. 'हे दोन्ही एकच' हा निवाडा माणसाने करायचा, कारण दोन नोंदी एकदा मर्ज केल्या की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या पुन्हा सुट्या करता येत नाहीत.

माझी पद्धत अशी. नऊही फाइली एकत्र करायच्या, फोन नंबरमधले देशाचे कोड, रेषा, मोकळ्या जागा काढून टाकायच्या, आणि आधी कर नोंदणी क्रमांकावर, मग फोनवर, मग ईमेलवर जुळवायचं. नाव सगळ्यात शेवटी. हे करताना एक्सेलपासून जपून राहा. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरातला शून्य ते गिळतं, आणि १५ पेक्षा जास्त अंकी संख्येचे पुढचे अंक शून्य करून टाकतं. तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करून मगच पेस्ट करा. आणखी एक सापळा सांगून ठेवतो, कारण तो एररसुद्धा देत नाही. सेल्सफोर्समध्ये प्रत्येक नोंदीचा आयडी १५ अक्षरी आणि १८ अक्षरी अशा दोन रूपांत मिळतो. १५ अक्षरीत मोठं आणि लहान रोमन अक्षर वेगळं असतं, पण एक्सेलच्या व्हीलुकअपला (एका यादीतून दुसरीत जुळणारी माहिती शोधून आणणारं सूत्र) दोन्ही सारखंच वाटतं. परिणामी एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या नावासमोर गुपचूप येऊन बसते. १८ अक्षरी आयडी वापरला की प्रश्न मिटतो.

सांध्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे काळ, आणि माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष यावरच दिलं जातं. तिमाही संपल्यावर मालक विचारतात, "आकडा कमी का पडला?" उत्तर द्यायला तिमाहीच्या सुरुवातीला आपण काय धरून चाललो होतो ते हवं. सीआरएमने ते पुसलेलं असतं. काही सॉफ्टवेअरं फील्डचा इतिहास ठेवतात, पण तो चालू करावा लागतो आणि त्याला मर्यादा असतात. सेल्सफोर्समध्ये नेहमीच्या सोयीत एका ऑब्जेक्टमागे (म्हणजे ग्राहक, डील अशा नोंदींच्या एका प्रकारामागे) २० फील्डपर्यंतच. शिवाय त्या इतिहासातून 'त्या सोमवारी चित्र काय होतं' हे उभं करणं कटकटीचं असतं.

सोपा उपाय: दर सोमवारी सकाळी, आठवड्याची मीटिंग सुरू व्हायच्या आधी, सगळ्या चालू डीलचा फोटो काढायचा. म्हणजे एक एक्सपोर्ट, सगळी यादी फाइलमध्ये बाहेर काढणं. सात कॉलम पुरतात: डीलचा आयडी, ग्राहकाचा खाते क्रमांक, सेल्समन, स्टेज, रक्कम, अपेक्षित तारीख आणि फोटो काढल्याची तारीख. मागच्या आठवड्याच्या ओळींवर लिहायचं नाही, त्यांच्याखाली जोडत जायचं. एका वेळी ३०० डील चालू असतील तर वर्षाला ३०० गुणिले ५२, म्हणजे १५,६०० ओळी. २००७ पासून एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तुम्हाला डेटा वेअरहाऊस (माहितीचं मोठं कोठार) विकायला कुणी आलं तर हा गुणाकार त्याच्यासमोर करा.

या कंटाळवाण्या फाइलने मला कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा जास्त शिकवलं आहे. एका कंपनीत एक मोठी डील कायम 'जवळजवळ झाली' या स्टेजला होती. प्रत्येक मीटिंगमध्ये ती यादीत सगळ्यात वर, आणि प्रत्येक वेळी तारीख पुढच्याच महिन्याची, त्यामुळे कुणाला काही खटकत नव्हतं. सोमवारच्या फोटोंमधून तिचा आयडी गाळून पाहिला तर तारीख ११ वेळा पुढे ढकललेली. सेल्समन खोटं बोलत नव्हता, त्याला दर महिन्याला मनापासून तसंच वाटत होतं! तेव्हापासून मी एक ढोबळ नियम पाळतो: तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली की ती डील अंदाजातून बाहेर. यादीत राहू दे, बेरजेत नको.

बेरजेवरून आठवलं. सीआरएम 'वेटेड पाइपलाइन' दाखवतं, म्हणजे प्रत्येक डीलची रक्कम गुणिले ती होण्याची शक्यता. ही शक्यता कुणी ठरवली? सेल्सफोर्समध्ये पहिल्या स्टेजला १० टक्के आणि वाटाघाटीच्या स्टेजला ९० टक्के हे आकडे आयतेच भरून येतात. इतरांकडेही असंच काहीतरी भरलेलं असतं आणि बहुतेक कंपन्या त्यांना हात लावत नाहीत. म्हणजे तुमच्या तिमाहीचा अंदाज तुमचा धंदा कधीही न पाहिलेल्या माणसाने केलेला असतो. वर्षभराचे फोटो जमले की स्वतःचे टक्के काढता येतात: अमुक स्टेजला पोचलेल्या डीलपैकी शेवटी किती जिंकल्या. तरीही लक्षात ठेवा, १०० ची एकच डील ६० टक्क्यांवर असेल तर ६० कधीच मिळत नाहीत. मिळाले तर १००, नाहीतर काहीच नाही. सरासरी चालते ती शेकडो डीलवर. नऊ सेल्समन आणि मोजक्या मोठ्या डील असतील तर मोठ्यांबद्दल नावानिशी बोला आणि उरलेल्यांनाच टक्के लावा.

मागचं सॉफ्टवेअर बंद का पडलं, याबद्दल माझा अंदाज. भरणारा वेगळा, बघणारा वेगळा. सेल्समनने दिवसभर फिरून आल्यावर संध्याकाळी ३० फील्ड भरायची, आणि त्यातून त्याला स्वतःला काय मिळतं तर सोमवारी बोलणी. मग तो टिंब टाकून पुढे जातो. एका ठिकाणी 'स्पर्धक कोण' हे फील्ड सक्तीचं केलं होतं, ड्रॉपडाउनमधून निवडायचं. दोन-तीन महिन्यांत रिपोर्टमध्ये एक स्पर्धक भलताच पुढे दिसायला लागला, वरिष्ठांनी त्याच्यावर खास बैठक घेतली. खुलासा नंतर झाला: यादी अक्षरानुक्रमे होती आणि त्या बिचाऱ्याचं नाव पहिलं होतं.

त्यामुळे सक्तीची फील्ड पाचच ठेवा: ग्राहक, रक्कम, स्टेज, अपेक्षित तारीख, पुढचं पाऊल काय. बाकीची ऐच्छिक. आणि डॅशबोर्डच्या आधी उलट्या दिशेचं काम करा: अकाउंट्समधली थकबाकी आणि सर्व्हिसमधली शेवटची तक्रार सेल्समनला त्याच्या फोनवर, ग्राहकाच्या पानावर दिसू द्या. ग्राहकाच्या दारात उभं असताना "यांचं मागचं बिल ७० दिवस थकलंय आणि मशीन गेल्या आठवड्यात बंद होतं" हे कळलं तर तो ते पान प्रत्येक भेटीआधी उघडेल. उघडलंच आहे तर दोन ओळी लिहीलही. खाते क्रमांकाचा सांधा आधी का घालायचा याचं हे दुसरं कारण. त्याच्याशिवाय थकबाकी योग्य पानावर येऊच शकत नाही.

कॉलच्या संख्येवर टार्गेट मात्र लावू नका. मोजमापाचंच टार्गेट केलं की ते मोजमाप बिघडतं, ही गोष्ट चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडली. सेल्सला ती तंतोतंत लागू पडते. शंका असेल तर एक तपासणी सांगतो. प्रत्येक नोंदीला 'कॉल कधी झाला' आणि 'नोंद कधी केली' अशा दोन वेळा असतात. पहिली माणूस लिहितो, दुसरी यंत्र. महिन्याच्या नोंदी दुसऱ्या वेळेवर लावून बघा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ४० कॉल ओळीने उतरलेले दिसले तर मोजणं थांबवा. पण म्हणून त्या माणसाला झापू नका. टार्गेट लावणाऱ्याने त्याला तेच करायला शिकवलेलं असतं.

मालकांच्या डॅशबोर्डबद्दल फार लिहीत नाही. वर ठरवलेले चार आकडे, मागच्या सोमवारपासून काय हललं, ९० दिवसांपेक्षा जुनी थकबाकी, आणि गेल्या वर्षी माल घेतलेल्यांपैकी यंदा न आलेले ग्राहक. पहिले सहा महिने हे एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्येच (बेरजांचा तक्ता) करा. त्या काळात कुठले आकडे खरंच बघितले जातात ते कळतं, मग तेवढेच पॉवर बीआयसारख्या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. प्रत्येक आकड्याखाली तो कुठून आला आणि कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते बारीक अक्षरात लिहा. या एका सवयीने मीटिंगमधला निम्मा वाद वाचतो.

राहिलं कोणतं घ्यावं. नऊ जणांसाठी सेल्सफोर्स, झोहो, हबस्पॉट, मायक्रोसॉफ्ट यांपैकी कुठलंही चालेल. फरक यादीतल्या सोयींपेक्षा तुमच्याकडे ते कोण सांभाळणार यावर पडतो. आठवड्याचे चार तास या कामाला देणारा, अकाउंट्सशी बोलता येणारा एक माणूस आधी नेमा आणि निवडीत त्याच्या मताला वजन द्या. दर माणशी भाडं बघताना रिपोर्ट, एपीआय (इतर सॉफ्टवेअरशी जोडायची सोय) आणि आपोआप एक्सपोर्ट या तीन गोष्टी कोणत्या प्लॅनमध्ये येतात ते लेखी विचारा, कारण स्वस्त प्लॅनमधून नेमक्या त्याच वगळलेल्या असू शकतात. नेटवर्क नसताना फोनवर नोंद करता येते का, हे विक्रेत्याच्या ऑफिसात न पाहता तळघरात जाऊन पाहा. आणि ग्राहकाने 'माझी माहिती काढून टाका' म्हटलं तर ती सगळीकडून खरंच जाते का तेही विचारून ठेवा.

दोन सॉफ्टवेअर ट्रायलवर घ्या. त्यात डेमोची माहिती न ठेवता तुमचे ५० खरे ग्राहक घाला, त्यांत दहा तरी डुप्लिकेट मुद्दाम राहू द्या, दोन सेल्समनना दोन आठवडे वापरू द्या. ट्रायल संपायच्या आदल्या दिवशी विक्रेत्याची मदत न घेता सगळं बाहेर काढून बघा: ग्राहक, डील, नोट्स, जोडलेल्या फाइली, जुन्या भेटी. नोट्स कोणत्या ग्राहकाच्या आहेत हे बाहेर काढलेल्या फाइलवरून कळलं नाही, तर ते सॉफ्टवेअर कितीही आवडलं असलं तरी सोडून द्या.